न बुडवलेला लॅक्टोमीटर

आबा,

दूध संस्थेच्या चेअरमनच्या कॅनमध्ये त्या सकाळी तुम्ही लॅक्टोमीटर का बुडवला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी बी.ए. झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून गावानं नारळ देऊन सत्कार केला, एम.ए. झाले, विद्यापीठात पीएच.डी.ला लागले. प्रश्न मात्र तिथंच राहिला.

त्याच्या आधीची एक सकाळ आठवते. मी सहावीत. गेवराईच्या रस्त्यावर आपल्या दूध संस्थेची पत्र्याची खोली, बाहेर सभासदांची रांग. तुम्ही दुधात लॅक्टोमीटर सोडता, त्याचं डुलणं थांबलं की आकडा सांगता, मी रजिस्टरात लिहिते. मधेच तुम्ही टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेलात आणि वेशीजवळच्या मावशीचा आकडा मी न बघताच लिहून टाकला. अठ्ठावीस. तिच्या म्हशीचं रोज तेवढंच यायचं.

"बुडिवलं का?" तुम्ही आत येऊन विचारलंत.

"रोजचंच हाय की, आबा."

"रोजचं मी इचारलं न्हाई. आजचं बघितलंस का?"

तुम्ही लॅक्टोमीटर सोडलात. बरोबर अठ्ठावीस. मी हसले. तुम्ही माझ्या हातातला पेन घेऊन त्या आकड्यावर काट मारलीत.

"जाऊ द्या की भाऊ, लेकरू हाय," मावशी म्हणाली.

"लेकरालाच कळू द्या. बराबर निघाला तरी न बघता लिवलेला आकडा खोटाच." मग तोच आकडा खालच्या ओळीत मला पुन्हा लिहायला लावलात. रांगेतल्या सगळ्यांसमोर. मला रडू आलं, पण त्या दिवसापासून तुमच्याइतका मोठा माणूस मला दुसरा कुणी वाटला नाही.

आबा, इथं विद्यापीठात कुणी काही बुडवून बघतच नाही. आमचे गाईड ग्रामीण सहकाराचे तज्ज्ञ. दुष्काळावर त्यांची तीन पुस्तकं आहेत. चारा छावणीत ते एकदाच गेले, तेही उद्घाटनाला, आणि बुटाला शेण लागू नये म्हणून सतरंजीवरून चालले. विभागात हुशारी ठरते ती चर्चासत्राच्या पाहुण्यांसाठी शाली कोण नीट निवडून आणतं यावर, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना जेवायला काय आवडतं हे कोण आधी काढून ठेवतं यावर. मटण खाणाऱ्या परीक्षकापुढं पनीर आलं म्हणून एका मुलाची परीक्षा दुपारभर लांबली, असं इथं गंभीर चेहऱ्यानं सांगतात. सांगणारे पुढं प्राध्यापक होतात. मी आले तेव्हा ग्रंथालयाची इमारत बघून चप्पल बाहेर काढावी का, असा विचार केला होता. आता त्याची लाज वाटते. इमारतीची नाही, माझ्या भाबडेपणाची.

माझा विषय दुष्काळ आणि दूध संस्था. दोनशे सभासदांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. सिरसाळ्याकडच्या गावांत दोन उन्हाळे फिरून एकशेसाठ भरल्या. उरलेल्या चाळिसांच्या संस्थाच बंद पडलेल्या, जनावरं छावणीत किंवा बाजारात गेलेली. मी गाईडना म्हणाले, एकशेसाठच ठेवू, आणि बाकीच्यांचं काय झालं तेही लिहू.

ते हसले. "अगं, आराखड्यात दोनशे लिहिलंय. चाळीस फॉर्म म्हणजे एका दुपारचं काम, सगळे तेच करतात. जूनमध्ये कॉलेजात जागा निघतेय, निवड समितीवर मीच आहे. तत्त्वं नंतर सांभाळ."

आईला फोन केला. वाटलं, ती तरी नको म्हणेल. "सर म्हणतेत तर कर की, माय," ती म्हणाली. "तुझ्या आबानं काय जन्मभर बुडवूनच लिवलं का?"

तिलाही माहीत होतं तर.

मग एका दुपारी होस्टेलच्या मेसमध्ये आम्ही तिघी बसलो. वेगवेगळे पेन, वेगवेगळी अक्षरं. इथं ही रीतच आहे, आज तुझे फॉर्म, उद्या माझे. इंग्रजी विभागातली मैत्रीण म्हणाली, "मी आता साठ वर्षांची म्हातारी. अंगठा कुठं उठवू?" कायद्याची होती, ती स्टॅम्पपॅड पुढं सरकवून म्हणाली, "बोटं बदलत जा गं. दहा बोटं, दहा सभासद!" आम्ही पोट धरून हसलो. मीसुद्धा.

प्रबंध बांधणीला देण्याआधी मी ते फॉर्म पुन्हा चाळले. म्हातारीच्या फॉर्मवर लिहिलं होतं, जनावरं : बैल दोन. रोजचं दूध : आठ लिटर. त्याखाली आमच्या तज्ज्ञ गाईडची हिरव्या शाईतली सही, 'तपासले'. बैलाचं दूध कॉम्प्युटरनं सरासरीत घेतलं होतं आणि त्या सरासरीवर सर म्हणाले होते, "निष्कर्ष एकदम भक्कम आलेत." मी आधी हसले. मग असल्या माणसासमोर चार वर्षं खाली मान घालून उभी राहिले, याची किळस आली.

आणि त्या ढिगात माझंही अक्षर होतं. तेव्हा ती सकाळ आठवली.

दुष्काळाचं वर्ष. मी आठवीत. मावशीचं दूध चोवीसवर आलं. तुम्ही म्हणालात, "मावशी, पाणी हाय यात." ती म्हणाली, "प्यायला न्हाई भाऊ, दुधात कुठून घालू?" म्हशीला नुसतं ज्वारीचं वाळलं सरमाड मिळत होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही दूध परत केलंत. तिच्या मागोमाग जीपमधून चेअरमनचा कॅन उतरला. दूध निळसर, पातळ, लांबूनही कळेल असं.

"तीस लिही," तुम्ही म्हणालात.

तुमच्या हातातल्या लॅक्टोमीटरवरून मावशीचंच दूध ठिबकत होतं. "आबा, बुडिवलं न्हाई."

"लिही."

मी लिहिलं. मावशी अजून दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी फिकट आकड्यांचा एक जुना लॅक्टोमीटर तुम्ही माझ्या दप्तरात ठेवलात. तो इथं माझ्या टेबलावर आहे. मैत्रिणी विचारतात, "यानं ताप मोजतेस का?"

नोकरी जाण्याची भीती होती की माझ्या फीची काळजी? उत्तर मिळत नाही म्हणून इतकी वर्षं मी तुम्हाला मनातून कमी लेखत आले. गाईडना लेखते तेवढंच, कधी जास्तच. ते कुणाच्या आकड्यावर काट मारत नाहीत. तुम्ही माझ्या आकड्यावर मारली होती.

आता एक कबूल करते. त्या चाळिसांतला पहिला फॉर्म मी तुमच्या नावानं भरला होता. वय बावन्न, आज असतं तेवढं. सतरावा प्रश्न होता, 'संस्थेत सर्व सभासदांच्या दुधाची तपासणी सारखीच होते का?' मी 'होय' वर खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं. तेवढी एक खूण सरांसाठी नव्हती.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून वहीतच राहील. काल सकाळी मी विभागाच्या खिडकीत अर्ज दिला : चाळीस प्रश्नावल्या होस्टेलमध्ये बसून भरलेल्या आहेत, हा प्रबंध मी सादर करणार नाही. क्लार्कनं तो दोनदा वाचला. "मॅडम, असला अर्ज आजवर आला न्हाई. कोणत्या फायलीला लावू? जूनची जागा गेली बघा." मी म्हणाले, "पोच द्या." त्यांनी शिक्का मारला. अर्जाला चाळीसही फॉर्म जोडले होते. सगळ्यांत वर तुमचा. त्यावर मी काट मारली होती, आणि खाली माझी सही.