जयदेवकाकांच्या बीपीचा आकडा

चिखलोली, बदलापूर
बुधवार, ११ फेब्रुवारी

आदरणीय चेतनदादा यांस,
रविनाचा सप्रेम जय भीम.

आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे सर्व कुशल आहोत. बडोद्याची हवा, कंपनीच्या कँटीनमधले जेवण आणि तुझी पाठ या तिघांचेही बरे चालले असावे अशी आशा करते. तुझा निरोप मिळाला. त्यात तू तीन प्रश्न विचारले आहेस : बाबांचे बीपी किती आहे, ते कोणत्या डॉक्टरांनी तपासले, आणि मी येण्याची गरज आहे की नाही. शेवटच्या प्रश्नाखाली तू 'सरळ सांग' असेही लिहिले आहेस. हे उत्तर फोनवर देता आले असते; परंतु फोनवर मी 'हो', 'नाही' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाही हे तुला ठाऊक आहे, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहावे तर तिथे एकेचाळीस माणसे आहेत (त्यांपैकी निम्मी रोज सकाळी केवळ फुले पाठवतात, पण वाचतात सर्व). म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवीत आहे. 'सरळ' मात्र सांगता येईल असे वाटत नाही. आमच्या टेबलाचा एक नियम आडवा येतो, आणि तो नियम कळण्यासाठी तुला आधी टेबलाची हकीकत ऐकावी लागेल.

दिवाळीनंतर 'सोबत' नावाच्या एका संस्थेने आपल्या भागातील इमारतींतून, चाळींतून आणि बारवीकडच्या पाड्यांवरून एकेक-दोनदोन माणसे निवडली व त्यांना चार रविवार शिकवले. त्यामागील विचार असा की मनाचे डॉक्टर दूर बसतात, त्यांची एका भेटीची फी घरातला आठवड्याचा बाजार खाऊन टाकते, आणि तिथवर जाऊन येण्यात कामाचा दिवस बुडतो तो वेगळाच. तेव्हा ऐकून घेणारे कोणीतरी निदान जिन्याच्या अंतरावर असावे. आणि ऐकून भागणार नाही असे ज्याच्या बाबतीत वाटेल, त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी लिहून द्यावी. तो विभाग मंगळवारी उघडा असतो आणि केसपेपरच्या पैशांत तपासतो. आपल्या इमारतीतून माझी निवड झाली. (ती गुणवत्तेवर झाली असे आई सर्वांना सांगते. वस्तुस्थिती अशी की दुसरे कोणी नाव दिले नव्हते.) तेथील एका सरावात समोरचा बोलत असताना दोन मिनिटे मध्ये बोलायचे नव्हते. मी एकोणीस मिनिटे बोलले नाही. समोरच्या बाईंचे कधीच बोलून झाले होते, त्या रडून, डोळे पुसून, पाणी पिऊन बसल्या होत्या, तरी मी ऐकतच होते. शिकवणारे सर म्हणाले, असे कान त्यांनी पाहिले नव्हते. आयुष्यात प्रथमच माझ्या लाजाळूपणाला प्रमाणपत्र मिळाले. ते दहावीच्या गुणपत्रिकेच्या शेजारी लावले आहे.

आमचा पहिला नियम : टेबलाशी जे बोलले जाईल ते जिन्यालाही सांगायचे नाही. दुसरा नियम : नात्यातला माणूस आला की आपण उठायचे. त्यामुळे जयदेवकाकांची, म्हणजे तुझ्या बाबांची, पाळी आली की मी उठते, माझ्या जागी आशाताई मायाताई बसतात (आशाताई हा हुद्दा आहे, माया हे नाव), आणि मी बाहेर पाण्याच्या पंपाशेजारी उभी राहते. काका आत काय बोलतात याविषयी मला आणि पंपाला सारखीच माहिती आहे. म्हणून या पत्रात मी फक्त तेवढेच लिहिणार आहे जे संपूर्ण इमारतीने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

पहिले तीन रविवार सोसायटीच्या ऑफिसात टेबल मांडून आम्ही 'मानसिक आरोग्य मार्गदर्शन, विनामूल्य' असा फलक लावून बसलो. पहिल्या रविवारी एक गृहस्थ आले. त्यांना पार्किंगचे स्टिकर हवे होते. दुसऱ्या रविवारी तेच गृहस्थ आले. स्टिकर दुसऱ्याच गाडीचे निघाले होते. बाकी लोक ऑफिसासमोरून जाताना अचानक मोबाइल कानाला लावत. तळमजल्यावरच्या पुतळीआजी तेवढ्या दारात थांबल्या, त्यांनी फलक नातवाकडून वाचून घेतला आणि मला म्हणाल्या, "माजं डोकं बरं हाय गो बाय. तुला कोनी बसवलाय हितं? घरचे बोलत नाय का तुज्याशी?" या प्रश्नावर मी प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मान हलवली. ते उत्तर 'नाही बोलत' असे समजले गेले व संध्याकाळी आजींनी आमच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या.

तिसऱ्या रविवारी मायाताईंनी फलक उतरवला. "पोरी, मनाचं नाव घेतलंस तर लोक जिना बदलतील," त्या म्हणाल्या. "बीपी म्हण. बीपीला इज्जत आहे. बीपी असलेला माणूस चारचौघांत छाती पुढे काढून सांगतो." त्यांनी घरून एक जुने, रबरी फुग्याचे, गोल तबकडीचे यंत्र आणले. त्याचा काटा एकशे साठवर अडकलेला होता. (खरे बीपी मायाताई गुरुवारी आरोग्य केंद्रात चांगल्या यंत्रावर तपासतात, आणि ज्याला खरोखर आकडा हवा असतो त्याला आम्ही तिकडेच धाडतो. याविषयी तुझ्या मनात किंतु राहू नये.) मला खोटे बोलता येत नाही, म्हणून पहिल्याच बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळताना मी सांगून टाकले की काटा बंद आहे, आकडा कळणार नाही. त्यांनी दाराकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "असू दे. पट्टा राहू दे." त्यानंतर त्या पाऊण तास बोलल्या. काय, ते अर्थातच लिहिता येत नाही.

तेव्हापासून हेच चालले आहे. मी प्रत्येकाला सांगते की काटा बंद आहे. प्रत्येक जण म्हणतो की चालेल. परिणामी यंत्र बंद असल्याचे इमारतीत सर्वांना ठाऊक आहे, आणि प्रत्येकाची समजूत अशी आहे की ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, बाकीच्यांना बिचाऱ्यांना खरोखरच बीपी आहे. जिन्यात लोक एकमेकांची फार आपुलकीने चौकशी करतात. पुतळीआजीही येतात. पट्टा त्या स्वतःच गुंडाळतात.

या व्यवस्थेत एकच अडचण निघाली, ती म्हणजे सचिव कल्पेशभाई. त्यांनी खिडकीतून रांग मोजली आणि अठ्ठेचाळीस सदनिकांपैकी एकतीस घरांत बीपी असल्याचा निष्कर्ष काढला. पहिला उपाय म्हणून सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनानंतरची मिसळ बिनमिठाची करण्यात आली. (एकशे दहा माणसांनी ती देशप्रेमाने खाल्ली.) दुसरा उपाय म्हणून त्यांनी कारण शोधले. ते मला म्हणाले, "रविना, ये मामला सिरियस आहे. हवा सगळ्या बिल्डिंगला सेम, तेल प्रत्येकाचं वेगळं. कॉमन काय? टाकीचं पाणी! आपण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसला शिष्टमंडळ नेऊ. आकडेवारी तू सांगायची." मी 'नाही' म्हणण्यासाठी तोंड उघडले, पण ते वेळेवर उघडले नाही, आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता मी नऊ पुरुषांसह पाणीपुरवठ्याच्या साहेबांपुढे उभी होते.

साहेबांनी माझी वही मागितली. वहीत नावे लिहीत नाही (पहिला नियम), आकडे लिहिता येत नाहीत (काटा बंद), तेव्हा तीत केवळ दिवसाला किती माणसे आली याच्या उभ्या रेघा होत्या. साहेबांनी पाने उलटली. कल्पेशभाई म्हणाले, "साहेब, पाण्यानेच होतंय. लिहून देतो." साहेब म्हणाले, "पाण्याचे नमुने दर आठवड्याला तपासतो, हा घ्या अहवाल, पाणी उत्तम आहे. आणि तुमच्या पाण्यानं बीपी वाढत असेल तर माझं कशानं वाढलं? मी अंबरनाथला राहतो." शिष्टमंडळ चहा प्यायला बाहेर पडले. मी वही परत घेण्यासाठी मागे राहिले. साहेबांनी ती मिटली, माझ्यापुढे धरली आणि सोडली नाही. "रविवारी किती वाजता असतं हे?" त्यांनी विचारले. "बाहेरच्या माणसाला चालतं का?" मी 'बरं' म्हणाले.

कल्पेशभाईंनीच तुला बडोद्याला कळवले असणार की काकाही रांगेत असतात. त्यांचा हेतू चांगला होता, आणि तुझाही चांगलाच होता. पण तू कुरियरने ते नवे, सेलवर चालणारे, आकडे मोठ्या अक्षरांत दाखवून वर बोलूनही सांगणारे यंत्र पाठवलेस, त्याने गेल्या रविवारी आमच्या टेबलावर जो प्रसंग आणला तो सांगितला पाहिजे. काका ते यंत्र खोक्यासकट घेऊन आले. म्हणाले, चेतनने पाठवले आहे, मला एकट्याला काय करायचे, सर्वांच्या उपयोगी पडेल. त्यांनी आधी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्र गुरगुरले आणि एका बाईच्या खणखणीत आवाजात, हिंदीत, सर्वांना ऐकू जाईल असे बोलले की रक्तदाब एकशे अठरा आणि शहात्तर, म्हणजे सामान्य आहे. (हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचा आकडा. तो मी सांगत नाही, यंत्राने भर रांगेत सांगितला.)

रांगेत तेव्हा चौदा माणसे होती. सर्वांच्या लक्षात एकाच वेळी आले असावे की आता आपलीही पाळी येणार, ती बाई आपलेही सामान्य असल्याचे जाहीर करणार, आणि मग पुढच्या रविवारी येथे येऊन बसायला काही कारण उरणार नाही. मागचे दोघे दूध आणायचे राहिले म्हणून निघाले. पुतळीआजींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "मना नको ती बाई," त्या म्हणाल्या. "लय बोलते." मी मायाताईंकडे पाहिले, मायाताईंनी छताकडे पाहिले. काकांनी मात्र रांगेकडे पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका चेहऱ्यावर थांबत. मग त्यांनी यंत्र उलटे केले, मागचे झाकण सरकवले, चारही सेल काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि म्हणाले, "सेल गेले वाटतं. जुनंच आणा." दूध आणायला गेलेले दोघे जिन्यातूनच परतले.

आता इमारतीने पाहिलेली शेवटची गोष्ट. काकी गेल्याला चौदा महिने झाले. पूर्वी दर सोमवारी काकांची एक लेखी तक्रार सोसायटीकडे येई : लिफ्टचा दिवा, गच्चीचे कुलूप, कबुतरे. गेल्या चौदा महिन्यांत एकही आलेली नाही. कल्पेशभाईंनी मध्यंतरी गच्चीचे कुलूप मुद्दाम आठवडाभर उघडे ठेवून पाहिले, उपयोग झाला नाही. आणि गेल्या तीन मंगळवारी काका सकाळी साडेआठला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन रिक्षा स्टँडपर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आले. पिशवीत काय असते हे मला ठाऊक नाही. मायाताईंनी सोबत येऊ का म्हणून विचारले, तेव्हा "तुम्ही कशाला, मी जाईन" असे ते म्हणाल्याचे पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आले. कालचा तिसरा मंगळवार होता. कोथिंबीर आमच्याकडे दिली आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नांची उत्तरे पुढीलप्रमाणे. बीपी : या पत्रात वर दिले आहे. डॉक्टर : कोणीही तपासलेले नाही. तू येण्याची गरज आहे की नाही : नियमानुसार मला सांगता येत नाही. वहिनींना नमस्कार, लहानग्याला गोड पापा.

तुझी आज्ञाधारक बहीण,
रविना

ता. क. यंत्रासोबत भिंतीला लावायची वायर आली नव्हती, ती पाठवतो असे तू म्हणाला आहेस. कृपया पाठवू नये.

ता. क. २ हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी काकांना वाचायला दिले, कारण त्यांच्याविषयी त्यांच्या पाठीमागे लिहिणे नियमात बसणार नाही असे वाटले. त्यांनी ते आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले, दोनदा. मी काही खोडायचे आहे का विचारले. ते म्हणाले, "एवढं लांब कशाला लिहिलंस? तो कामावर असतो." मग त्यांनी पेन मागितले. त्यांनी एक ओळ लिहून खोडली आहे. ती उजेडात धरून वाचू नये. खालचा मजकूर त्यांचा आहे.

चेतन, जय भीम. मला बीपी नाही. मनाच्या डॉक्टरकडे जायची चिठ्ठी आहे. मंगळवारी जायचं असतं. तीनदा निघालो, एकट्याने रिक्षात पाय टाकवत नाही. मायाबाई चांगल्या आहेत, पण तुझ्या आईबद्दल त्यांच्यादेखत डॉक्टरला सांगता येणार नाही. तुझ्यादेखत येईल. रजा टाक आणि ये.
बाबा