बघणाऱ्याची खुर्ची

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली, गादी मिळाली, खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत मिळाली. तेव्हा माझी काळजी नको. आईलाही करू देऊ नकोस, तिचा त्यात फार वेळ जातो.

बाबांच्या कारखान्यात बाबांच्याच खात्यात रुजू झालो. दारावर ‘गुणवत्ता अधिकारी’ अशी पाटी आहे. तू काय म्हणशील ते मला इथूनच ऐकू येतंय.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या पेटीची ऊब सांभाळणारा थर्मोस्टॅट इथे बनतो. लाइनवर त्याला नुसतं ‘डबी’ म्हणतात. ऊब पुरेशी झाली की डबीनं हीटर बंद करायचा. गेल्या काही महिन्यांत दोन डब्यांनी तो बंद केलाच नाही. दुसऱ्या वेळी परिचारिकेनं सहज पेटीत हात घातला, तर आत भट्टी. बाळाची कातडी लाल झाली होती, वाचलं. मला इथे आणलंय ते तिसरी डबी अशी निघू नये म्हणून.

त्यासाठी आधी ‘डिझाइन थिंकिंग’च्या शिबिराला पाठवलं. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवायच्या. सार एवढंच, की नियम केबिनमध्ये बसून लिहू नयेत. काम करणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसावं, त्याला कुठे अडतं ते बघावं, पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करून त्याच्या हातात द्यावा, आणि तो मोडला की न रुसता दुसरा करावा.

म्हणून लाइनवर जाऊन बसलो. ताई, लाइनच्या टोकाला बाबांचं टेबल अजून तसंच आहे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, खुर्चीवर धूळ नाही. मागच्या भिंतीवर मोठा डोळा रंगवलाय, कारण बाबांना इथे डोळासाहेब म्हणत. प्रत्येक जण तयार डबी त्या टेबलावर ठेवतो, क्षणभर थांबतो, मग उचलून पॅकिंगला देतो. काय करता विचारलं, तर साहेबांना दाखवतो म्हणतात. कुणी हसत नाही.

काल सगळे जेवायला गेले होते. मी एकटाच होतो. त्या टेबलावर टिचकी वाजली. बाबा तपासलेल्या डबीवर नखानं मारायचे, तशी.

आईला हे वाचून दाखवू नकोस. तुझी चार ओळींची तरी फटकार येऊ दे.

तुझा,
ठोकळ्या

---

१९ जानेवारी

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

फटकार चार ओळींत मावणार नाही.

पहिलं तुझ्या शिबिराबद्दल. आधी ऐका, मग विचार करा, मग तेच पुन्हा पुन्हा करत मुरवा, याला आमच्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन म्हणतात. फक्त उपनिषदांतल्या लोकांना रंगीत चिठ्ठ्या सुचल्या नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे वर्षानुवर्षं सांगतेय. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं की त्यांनाही चिठ्ठ्याच लागतील.

दुसरं टिचकीबद्दल. पत्रा तापला की वाजतो, निवला की वाजतो. पण पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उगाच दिवा लावून आले, हेही लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील ताई पंडिताचा आव आणते.

आता कामाचं. न्यायदर्शनवाले नैयायिक अभावालाही पदार्थ, म्हणजे खरी गोष्ट, मानतात. टेबलावर घडा नाही, हे ‘नसणं’सुद्धा म्हणे डोळ्यांना दिसतं. तुझ्या लोकांना बाबांचं नसणं दिसत नाही, हा तुझा खरा घोटाळा. जी डबी बाबांनी पाहिली असं सगळे धरून चालतात, ती मग पाहतं कोण? हे मी इथे खडू झटकत विचारतेय. तू तिथे पगार घेऊन विचार.

आई बरी आहे. तुझं पत्र मी तिला दाखवलं नाही. तिनं ते माझ्या उशीखालून काढून वाचलं. वाचून पुन्हा घडी करून होतं तिथे ठेवलं. घडी माझ्यापेक्षा नीट होती, म्हणून कळलं.

वेळेवर जेवावे, आणि आमच्यावरचा राग लोभ दोन्ही चालू ठेवावा.

तुझी ताई

---

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. डबी बनवणारे म्हणतात पॅकिंगवाला बघतो. पॅकिंगवाला म्हणतो, साहेबांना दाखवून आलेल्या मालात मी कोण नाक खुपसणारा? हा पॅकिंगवाला एरवी दिवसभर सगळ्यांच्या टोप्या उडवतो, पण टेबलाचा विषय निघाला की त्याचा आवाज खाली येतो. तुझा नैयायिक जिंकला. बघत कुणीच नाही.

मग मी पुठ्ठ्याची खोपटी केली. आत भिंग, दिवा, बसायला स्टूल. दोन दिवस लोकांनी माझ्या समाधानासाठी डबी खोपटीतून फिरवली. पण त्याआधी ती टेबलावर ठेवलीच. आणि साहेबांनी पाहिलेली डबी भिंगाखाली पुन्हा पाहणं त्यांना अपमानासारखं वाटत होतं, म्हणून डोळे दुसरीकडे करून फिरवली. लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या मोठ्या बाईंनी मला समजावलं, की पोरा, हौस झाली असेल तर पुठ्ठा गुंडाळ.

शेवटी मी बाबांच्या खुर्चीत बसलो. लाइन थांबली. यंत्रं चालू होती, माणसांचे हात थांबले. मागचा तो डोळा पाठीवर टेकल्यासारखा वाटत होता. हात आपोआप टेबलावर टांगलेल्या दिव्याच्या बटणाकडे गेला. दिवा लागला नाही. वर पाहिलं तर त्यात बल्बच नाही.

वायरमनला विचारलं. तो म्हणाला, साहेबांनीच काढायला लावला होता, जाण्याच्या दोनेक वर्षं आधी. डोळ्यांवर येतो म्हणाले. सांगता सांगता त्यानं मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि त्याला एकदम दुसरं काम आठवलं.

ताई, डबीच्या आत दोन पत्रे असतात, नखाएवढे. ते नीट भिडतात की नाही हे उजेडाशिवाय दिसूच शकत नाही. बाबा दोन वर्षं अंधारात काय बघत होते? आईला विचार. मला विचारवत नाही.

ठोकळ्या

---

९ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

आज थट्टा नाही. जमली तर शेवटी करीन.

आईला विचारलं. ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. म्हणाली, त्यांना दिसत नव्हतं.

डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेनं दिसायचं, म्हणून चालता फिरता कुणाला कळलं नाही. पण ज्याच्याकडे नीट बघायला जावं, तिथेच मधोमध काळोख. प्रखर दिवा तर सोसायचाच नाही. डॉक्टर म्हणाले, उपाय नाही. बाबा म्हणाले, तिथून उठलो तर घरी येऊन काय बघू? आई रोज सकाळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायची आणि मी तिला चिडवायचे, की आकाशवाणी सुरू झाली. मी याच घरात राहत होते, ठोकळ्या. मला काही दिसलं नाही, आणि माझे डोळे तर शाबूत होते.

कारखान्यात मोठ्या बाईंनी ओळखलं; बाबा गेल्यावर भेटायला आल्या तेव्हा त्यांनीच हे सगळं आईला सांगितलं. बाबांनी एक बिघडलेली डबी टिचकी मारून पास केली. बाईंनी ती न बोलता परत घेतली. त्या दिवसापासून सगळी लाइन बाबांपुढे डबी ठेवण्याआधी ती स्वतः दोनदोनदा बघू लागली. वाईट डबी साहेबांच्या हातून जाऊ नये, त्यांची फजिती होऊ नये म्हणून. त्या दोन वर्षांत एकही डबी परत आली नाही. भिंतीवर डोळा रंगवला तो तेव्हाच.

मी आईला विचारलं, बाबांना हे कळत होतं का? म्हणाली, न कळायला काय झालं? टिचकी मारायचे ती काय तपासणी होती? ते आभार मानत होते.

बाबा गेले. आता फजिती होईल असा कुणी त्या खुर्चीत उरला नाही, म्हणून कुणी बघेनासं झालं. ठेवायची सवय तेवढी राहिली.

आईनं बजावलंय, हे वर कळवू नकोस. त्यांचं नाव तेवढं शिल्लक आहे, ते राहू दे.

थट्टा काही जमली नाही. जप.

ताई

---

२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र खिशात घेऊन फिरतोय. टिचकी अजून ऐकू येते, आणि आता ती आभाराची आहे हे कळल्यापासून अधिकच असह्य होते.

कारखान्याचे मोठे साहेब म्हणतात, बाबांच्या टेबलावर कॅमेरा बसवू आणि त्याला बाबांचं नाव देऊ. म्हणजे बघायला पुन्हा दुसरंच कुणीतरी. हे का चालणार नाही ते सांगायचं, तर बाबांचं सांगावं लागतं. न सांगावं, तर तिसरी डबी कधीही निघेल.

आधी मोठ्या बाईंशी बोललो. त्या संतापल्या. मेलेल्या माणसाला आता परत आंधळं करतोस का, असं म्हणाल्या. मग मी त्यांना एवढंच विचारलं, की डबी जाते कुठे ते तुम्ही कधी पाहिलंय का? आयुष्य डब्या बनवण्यात गेलं, पेटी त्यांनी पाहिलेली नव्हती.

काल दोघं रुग्णालयात गेलो. पेटीत एक बाळ होतं, माझ्या तळहातावर मावेल असं, छाती पाखरासारखी हलत होती. बाई बराच वेळ काचेला टेकून उभ्या. मग त्यांनी परिचारिकेला विचारलं, की डबी ठीक चाललीय हे तुम्ही कसं बघता? ती बिचारी सरळपणे म्हणाली, की आम्ही कशाला बघू, तुम्ही बघितलेलंच असतं ना.

परत येताना कारखान्याच्या फाटकाशी बाई म्हणाल्या, आईला विचार. ती हो म्हणाली तर तू नको, मीच सांगते.

म्हणून विचारतोय. आईनं नाही म्हटलं तर मी कॅमेरा बसवीन, आणि रोज त्या बाळाची आठवण काढीन.

ठोकळ्या

---

२८ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र या वेळी मी उशीखाली ठेवण्याचे श्रम घेतले नाहीत, थेट आईला वाचून दाखवलं. तिनं पहिल्यांदा विचारलं, बाळ मुलगा की मुलगी. तू नेहमीप्रमाणे महत्त्वाचं तेच लिहिलेलं नाहीस.

संध्याकाळी आपणहून म्हणाली, की ते रोज घरी येऊन एकच विचारायचे, आज कुठे काही चुकलं नसेल ना? दोन वर्षं मी नाही म्हणत राहिले, मला तरी काय माहीत होतं? सांगू दे त्या बाईंना.

आणि हेही म्हणाली, की एका माणसासाठी इतक्या जणांनी डोळे दिले, हे लोकांना कळलं तर त्यात त्यांची कसली बेअब्रू?

मी पदवीधर, मी यात भर घालत नाही.

तुझ्या खुशालीच्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

---

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी आहे. चौकशी केली. परवा पेटीतून बाहेर काढली. आईला सांग.

मोठ्या बाई सगळ्यांसमोर बोलल्या. हातातलं काम न सोडता, मान खाली घालून. मोठे साहेब भिंतीवरच्या डोळ्याकडे बघत राहिले आणि कॅमेऱ्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. मग बाईंनी परिचारिकेचं बोलणं सांगितलं. पॅकिंगवाल्यानं बंद केलेलं खोकं परत उघडलं.

नवी पद्धत लोकांनीच बसवली. मी फक्त पुठ्ठे पुरवले आणि ते मोडल्यावर हसलो. नियम एकच. डबी कुठेही खाली ठेवायची नाही, हातातून हातात द्यायची. घेणाऱ्यानं उजेडात धरून पत्रे बघायचे आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ‘बघितली’ म्हणायचं, मगच देणाऱ्यानं हात सोडायचा. पहिल्या आठवड्यात नवराबायकोसारखी भांडणं झाली. पण पॅकिंगपर्यंत पोचण्याआधी लाइनवरच सात डब्या अडल्या. सात, ताई. मी त्या हातात घेऊन बसलो होतो.

टेबल काढा असं मी म्हटलं नाही, दुसरं कुणीही म्हटलं नाही. फक्त त्यावर आता काही येत नाही. खुर्ची कोण पुसायचं ते मला कधी कळलं नाही, पण तिच्यावर हलकी धूळ बसलीय.

आज दुपारी कॅन्टीनमध्ये जागा नव्हती. पॅकिंगवाला डबा घेऊन इकडे तिकडे पाहत आला, बाबांच्या खुर्चीत बसला आणि जेवू लागला. सगळ्यांनी पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला; तेव्हा कुठे त्याला कळलं आपण कुठे बसलोय. मोठ्या बाई पलीकडून म्हणाल्या, जेव रे, निवेल. तर हा लगेच विचारतो, कुणाकडे मीठ आहे का?

मी उठलो, बाहेर गेलो आणि फाटकाजवळ उभा राहून रडलो. बाबा गेले तेव्हा मला सगळं सांभाळायचं होतं. त्यामुळे हे राहून गेलं होतं.

आईला नमस्कार. तुझ्या आठवणीतून मला उतरू देऊ नकोस.

तुझाच,
ठोकळ्या