चंपतरावांच्या तोंडच्या कादंबरीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी सिंधू चंपतराव भोयर, वय सहासष्ट, धंदा लेखन व घरकाम, राहणार नंदनवन, नागपूर, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी धाक घातलेला नसताना आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नसताना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी बुद्धी ठिकाणावर असल्याबद्दल रामदासपेठेतले डॉक्टर रुपराव ठवकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. जन्मभर मी कादंबऱ्यांत 'मी' म्हणून बोलत आले. कधी विधवा होऊन, कधी शाळामास्तर होऊन, एकदा तर दारूच्या गुत्त्याचा मालक होऊन. पण सांगणाऱ्याचे डोके जागेवर आहे याचा दाखला आधीच जोडावा लागतो असा लेखनप्रकार हा पहिलाच. आणि 'मी' म्हणणारे माणूस मेल्यावर त्याच्या शब्दावर सगळे विश्वास ठेवतात असाही हा एकच. वकील मनोहरराव डांगे यांनी मजकूर थोडक्यात ठेवण्याची सूचना केली होती. त्यांनी माझ्या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत.

कलम पहिले. नंदनवनातले राहते घर माझे पती कै. चंपतराव, बांधकाम खात्यातले ओव्हरसियर, यांनी बांधून माझ्या नावावर केले. ते आमचा एकुलता एक मुलगा मार्तंड याला मिळावे. तो उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर आहे. घराची मागची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. स्वतः ओव्हरसियर समोर खुर्ची टाकून बसले असताना ती बांधली गेली, हे येथे नोंदवून ठेवते, कारण त्यांच्या हयातीत तसे बोलण्याची सोय नव्हती.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक, माझ्या पाटल्या, शिवणयंत्र आणि माळ्यावरचा सागवानी पाळणा सून प्रेमिला हिला द्यावा. गेल्या दिवाळीपासून मार्तंड या घराची पायरी चढलेला नाही. त्याचे कारण पुढे येईल. प्रेमिला मात्र दर रविवारी उमरेडहून एसटीने डबा घेऊन येते आणि "यांनीच पाठवला" म्हणते. त्याने तो पाठवलेला नसतो हे मला कळते, मला कळते हे तिलाही कळते, तरी आम्ही दोघी ते वाक्य नीट चालवून घेतो. डब्यातली वांग्याची भाजी चांगली असते.

कलम तिसरे. माझा जुना चश्मा प्राध्यापक बळीराम गावंडे यांना पोहोचता करावा. माझ्या गुत्तेवाल्याच्या कादंबरीवर त्यांनी लिहिले होते की, निवेदक पानोपानी खोटे बोलतो आणि ही गोष्ट लेखिकेच्या ध्यानात आलेली दिसत नाही. गुत्तेवाला स्वतःला दयाळू म्हणवतो आणि त्याच परिच्छेदात उधारीसाठी एकाच्या बायकोची नथ काढून घेतो, हे मी डोळे मिटून लिहिले असे त्यांना वाटले. त्या वेळी मी उत्तर दिले नाही. चश्म्याची एक काडी सैल आहे, ती त्यांनी आपल्या खर्चाने बसवून घ्यावी.

कलम चौथे. माझी हिरवी नऊवारी व तांब्याचा हंडा माझी नणंद रुखमाबाई, मुक्काम उमरेड, हिला द्यावा. तिच्याबद्दल माझ्या मनात काही अढी नाही, उलट तिच्याइतका मन लावून वाचणारा, म्हणजे ऐकणारा, मला दुसरा मिळाला नाही. तिला अक्षरओळख नाही. माझी पहिली कादंबरी मासिकातून क्रमशः येत होती आणि उमरेडला शेजारची मुलगी ती तिला वाचून दाखवायची. एका अंकात माझी निवेदिका विधवा झाली. "हे गेले त्या दिवशी मी तांदूळ निवडत होते," असे त्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य होते. दुसऱ्या दिवशी रुखमाबाई पहिल्या एसटीने निघाली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भाकरी-पिठल्याची दुरडी डोक्यावर घेऊन, आमच्या गल्लीच्या तोंडापासून गळा काढत ती आली. दार चंपतरावांनीच उघडले. ते बनियनवर होते आणि दाढीचा साबण गालावर तसाच होता.

ती शुद्धीवर आल्यावर माझ्यावर उलटली. म्हणाली, "तूच त लिहिलं वं वैनी, हे गेले म्हणून. मंग मी काय खोटं समजू का?"

'मी' म्हटले की माणूस आपली गोष्ट सांगते असे समजणे हे तिच्या दृष्टीने रास्तच होते, आणि मलाही त्याचाच फायदा घ्यायचा होता. चंपतराव पाटावर बसले आणि आपल्याच सुतकाचे पिठले दोनदा मागून घेऊन जेवले. ते अजिबात रागावले नाहीत. संध्याकाळी मात्र मला म्हणाले, "अवं, एखाद्या गोष्टीत मले बी बोलू दे न. सदा तूच बोलून राहिली."

त्या वेळी मी हसले. ते वारल्यावर मला ते बोलणे सोडीना.

कलम पाचवे. हे कलम लांब आहे. वकीलसाहेबांनी ते दोनदा कापले आणि मी दोनदा परत घातले.

लोखंडी पेटीत माझी शेवटची, न छापलेली कादंबरी आहे. ती सबंध चंपतरावांच्या 'मी'ने सांगितली आहे. दवाखान्यातल्या खाटेवर पडलेला एक ओव्हरसियर आपले आयुष्य सांगतो. त्याच्या बोलण्यात विटा, चुना, पुलाचे खांब हेच फार. बायको-मुलांबद्दल तो तुटक बोलतो. तिसऱ्या प्रकरणात त्याला मुलगा होतो आणि तो सांगतो, "मला हा मुलगा नको होता."

दिवाळीला मार्तंड आला असताना त्याने पेटीतली ही वही काढून वाचायला घेतली. मीच घे म्हटले होते. या वाक्याशी आला आणि थांबला. पुढे पान उलटले नाही.

पुढच्याच ओळीपासून तो ओव्हरसियर पाळण्याचे दांडे कानशीने घासत बसतो. सुताराने काम कच्चे केले म्हणून, असे तो कारण देतो. दुपारी घासतो, जेवून उठल्यावर घासतो, बोट फिरवून पाहतो, एक कुसळ बोटाला लागले की पुन्हा सुरुवातीपासून घासतो. त्याआधीची दोन बाळे राहिली नाहीत, हे तो दुसऱ्या प्रकरणात एका वाक्यात, पुलाच्या कामाबद्दल सांगता सांगता, उरकून टाकतो. ज्याला ते वाक्य दिसले त्याला पुढचे सगळे दिसते. भीतीचे नाव तो घेत नाही, कारण भीती वाटते असे म्हणणारा तो माणूस नव्हे. सांगणाऱ्याला जे सांगता येत नाही ते वाचणाऱ्यापर्यंत कसे न्यायचे, एवढाच धंदा मी चाळीस वर्षे केला.

मार्तंडने वही मांडीवर ठेवून विचारले, "आई, बाबा असं म्हणाले होते का तुले?"

मी नाही म्हटले.

"मंग तुले कसं मालूम?"

पाळणा खरा आहे, दांडे घासणे खरे आहे, ते वाक्य माझे आहे, असे मी त्याला सांगितले. ते त्याला पटले नाही. माझ्या आईने लिहिले म्हणजे तिला ठाऊकच असणार, असे त्याचे म्हणणे. रुखमाबाईने आपला भाऊ जिवंत पाहिला आणि तिचा प्रश्न मिटला. मार्तंडला दार उघडायला कोणी नव्हते. त्याच्या मनात बाप दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी वाईट होऊन गेला. मला त्याचे फार वाईट वाटते. अजूनही वाटते.

त्याने प्रेमिलाबरोबर निरोप पाठवला की, छापायचीच असेल तर 'मी'चा 'तो' करावा, नावगाव बदलावे, म्हणजे लोक बाबांना ओळखणार नाहीत. मागणी वाजवी वाटली म्हणून मी तिसरे प्रकरण तसे लिहून पाहिले. "त्याला हा मुलगा नको होता" असे वाक्य तयार झाले, आणि ते वाचून मी लेखणी खाली ठेवली. आधी एक माणूस स्वतःबद्दल काहीतरी सांगत होता. त्यावर किती विश्वास ठेवायचा हे वाचणाऱ्याच्या हाती होते. आता सांगणारा माणूसच नाहीसा झाला आणि उरला फक्त माझा निकाल, ज्यावर अपील नाही. 'तो' करून मी चंपतरावांना लोकांपासून लपवले असते, पण मुलगा नको असलेला बाप म्हणून कायमचे ठरवूनही टाकले असते. ते पान मी फाडले.

माझ्या मागे कायद्याने वारस मार्तंड. त्याने वही बंद करून ठेवली तर ती बंदच राहील, म्हणून हक्क प्रेमिलाला द्यावेत किंवा महाल भागातल्या प्रकाशकाला लिहून द्यावेत असा सल्ला मनोहररावांनी दिला. सल्ला शहाणपणाचा आहे. तरी या कादंबरीचे सर्व हक्क मी मार्तंडलाच देते. छापावी, न छापावी, ही त्याची मर्जी. अटी दोनच. 'मी'चा 'तो' करू नये. आणि ठरवण्याआधी शेवटच्या लिहिलेल्या पानापर्यंत वाचावी. ही दुसरी अट कोर्टात टिकणार नाही, वाचले की नाही हे तपासणार कोण, असे वकीलसाहेब म्हणतात. तपासू नये. मी त्याच्यावर विश्वास टाकते.

कलम सहावे. कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहिलेले नाही. आळसाने राहिले असे कोणी समजू नये.

'मी' म्हणून बोलणाऱ्याला आपले मरण सांगता येत नाही. तेथे त्याचे बोलणे थांबते आणि पुढचे दुसऱ्या कोणाला तरी उचलावे लागते. मी आधी ते बायकोच्या तोंडी देऊन पाहिले. ती लगेच सदासारखीच बोलू लागली, आणि सबंध पुस्तकभर गप्प बसवलेली बाई शेवटी सगळा खेळ आपल्याकडे ओढून घेऊ लागली. मग मुलाच्या तोंडी दिले. तोही माझ्यासारखाच शहाणपणाने बोलायला लागला. खाणीत सर्व्हे करणारा माणूस तसे बोलत नाही.

खरे कारण निराळे आहे. चंपतराव गेले त्या सकाळी मी आंघोळीसाठी घरी आले होते. दवाखान्यात खाटेजवळ मार्तंड एकटा होता. मी परत गेले तेव्हा चादर वर ओढलेली होती. शेवटी ते काही बोलले का, काय बोलले, हे मला ठाऊक नाही. मार्तंडने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. विचारावे असे रोज वाटले. जी बाई शंभर माणसांच्या मनातले लिहिते तिला आपल्या नवऱ्याचे शेवटचे शब्द माहीत नाहीत, आणि तेथे माझे कसब चालत नाही.

म्हणून ते प्रकरण मी मार्तंडला देते. पेटीत कोरे कागद ठेवले आहेत. सक्ती नाही. लिहिले तर 'मी' म्हणूनच लिहावे, आपल्या भाषेत, शुद्धलेखनाची काळजी न करता. त्यात आईबद्दल जे येईल ते येऊ द्यावे. तिने बापाला खोटे बोलायला लावले, असे लिहिले तरी ते कोणी गाळू नये. ते जे बोलले असतील ते लिहावे. आणि ते त्या वेळी काहीच बोलले नसतील, तर मार्तंडने आपल्या मनाने चार शब्द त्यांच्या तोंडी घालावेत. ते मुलाबद्दल असावेत, बायकोबद्दल नसले तरी चालेल.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, दोनदा वाचले आणि मला मान्य आहे म्हणून खाली सही केली. व्यवस्था पाहण्यासाठी वकील मनोहरराव डांगे यांना नेमते. साक्षीदारांना आतला मजकूर माहीत नाही. मी सही करताना त्यांनी मला पाहिले आणि मी त्यांना सही करताना पाहिले, एवढेच.

सही : सिंधू चंपतराव भोयर

साक्षीदार :
१. डॉ. रुपराव ठवकर, रामदासपेठ, नागपूर
२. कांताबाई मेश्राम, शिक्षिका, शेजारी, नंदनवन, नागपूर

ठिकाण : नागपूर
दिनांक : ७ फेब्रुवारी १९८३