आपल्या शकूचं गाणं

प्रिय शकूताई,

आज पांढरकवड्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीतून अचानक तुझं गाणं ऐकू आलं. बाकावरच्या पोरीनं आईला विचारलं, "कोण गाऊन राह्यली वं?" आईला सांगता येईना. मला सांगायचं होतं, पण तेवढ्यात माझी गाडी लागली. म्हणून तुलाच लिहिते.

आठवतं, परहाटीच्या वावरात कापूस वेचताना तू नेहमी मागे राहायचीस? सूर लागला की वेचणारे हात थांबायचे तुझे! आई ओरडायची, "तोंडासंगं हातही चालू दे वं!"

मग मारेगावच्या भीमजयंतीला गायनपार्टीतली बाई आलीच नाही. पार्टीवाले काका विहारात गाणारी शोधत आले. बाबा अडून बसले, "लोकायसमोर पोरीनं कायले गावं?" आईनंच तुला पुढं ढकललं. "जाय शकू! वावरात काय कोनाले इचारून गातं?" तू मंचावर चढलीस, गायलीस! आणि दुसऱ्या कडव्याला बाबा उपरण्यानं डोळे पुसत होते.

पुढं कॅसेट निघाली, बॅनरवर फोटो आला. पण त्याच वर्षांत कापसानं दगा दिला, कर्जापायी घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी जीव दिला. काका म्हणायचे, "झटकेदार कव्वाली म्हण, लोकायले दुःख इसरू दे." उमरखेडला तू त्यांचं ऐकलं नाहीस. मागे राहिलेल्या बायांवर स्वतः रचलेलं गाणं म्हटलंस. मी मागे कोरसला होते. टाळी नाही, शिट्टी नाही! तू माझा हात घट्ट धरलास, "पडलं का वं गाणं?" तेवढ्यात एक बाई पदर सावरत मंचावर चढली. तुझा चेहरा ओंजळीत धरून म्हणाली, "माह्या मनातलं तुले कसं समजलं, माय?"

त्यानंतर गावोगावच्या बाया तुला "आपली शकू" म्हणू लागल्या.

पण घसा दुखतो हे घरच्यांना काहून नाही सांगितलंस गं? गरम पाणी पीत "धूळ गेली" म्हणायचीस. डॉक्टरांनी गाठ सांगितली, तर तू विचारलंस पुढचा कार्यक्रम कुठं आहे! तू गेलीस, पण त्याचा राग अजून गेला नाही माझा.

तुझी लेक पल्लवी आता गाते. लोक तिला सांगतात, हुबेहूब आईसारखं गा. बिचारी तुझा सूर धरायला जाते आणि अडखळते. ताई, शब्द देते, या जयंतीला मी तिच्याशेजारी उभी राहीन, पण तुझी नक्कल तिला करू देणार नाही. ती तिच्याच गळ्यानं गाईल.

तुझी धाकटी,
बेबी