यंत्र माझ्याच मागे चालतं

१६ एप्रिल
यंत्र आलं! टेम्पोतून उतरून चार पायांवर उभं राहिलं. वासराएवढं, पांढरं, डोकंच नाही. ठाण्याच्या कॉलेजातला विनोद नावाचा पोरगा ते घेऊन आलाय. विहिरीपासून पाड्यापर्यंतच्या चढावर पाणी वाहून दाखवणार. थोडे दिवस चाचणी. कुत्री शेपूट घालून पळाली. मला जेवण गेलं नाही — घसरून दरीत पडलं तर?

१७ एप्रिल
शाळेपुढे बैठक. यंत्राची गोष्ट, म्हणून आम्ही पुरुष पुढे बसलो, बाया मागे भिंतीला. विनोद म्हणाला, "पाण्याला जो जातो त्याने पुढे या. यंत्र त्याची चाल ओळखून मागे येईल." वयाने मोठा म्हणून सगळ्यांनी मलाच ढकललं. चाललो. यंत्र मागे! मी थांबलो, ते थांबलं. छाती अशी फुगली की काय सांगू.
घरी बायको, हिरी, म्हणाली, "पाण्याला तू कधी जातोस?"

१८ एप्रिल
घोटाळा झाला. यंत्र प्रगतीच्या मागे जाईना. हिरीचे गुडघे गेल्यापासून घरचं पाणी ही नातच आणते. खेपा करून अभ्यासाला बसते आणि पेंगते. मे महिन्यात तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा. नापास झाली तर तिचा बाप धनेश तिला भिवंडीला वीटभट्टीवर नेणार, सांगूनच गेलाय. बापाला कोण अडवणार? तिच्यासाठीच तर यंत्र हवं होतं!
"आजा, ते तुलाच ओळखतं," ती म्हणाली. "तूच जा."
बैलांना पाण्यावर नेलंय मी. घरचं पाणी आणायला या पाड्यातला एकही पुरुष गेलेला नाही.

१९ एप्रिल
गेलो. कोणी भेटू नये म्हणून लवकर निघालो, तर बाया आधीच हजर. शेजारची मालू म्हणाली, "काय दादा, सासूने धाडलं का?"
"मी पाण्याला नाही आलो. यंत्राला घेऊन आलोय."
"बरं. मग दोर यंत्र ओढेल ना?"
यंत्र कुठलं ओढतंय! मीच ओढला. तळहात सोलले. पण चढावर काय चालतं ते! दगड चुकवतं, पाय रोवतं, डबे हलत नाहीत. मी मागे बघत चाललो आणि स्वतःच ठेचकाळलो.

२३ एप्रिल
बायांनी त्याला ढवळ्या नाव ठेवलं. कपाळ नाही, म्हणून मालूने पुढच्या पायाला कुंकू लावलं. विहिरीवर काय काय कळतं! कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या पोरीला दिवस गेले. जन्म पोशेऱ्यात काढला आणि गाव मला आता कळतंय.

२६ एप्रिल
प्रगतीने मला हृदयाचे कप्पे समजावून सांगितले. दिवसभर वाचते, पेंगत नाही. फार हुशार आहे. दृष्ट लागेल, जास्त लिहीत नाही.

२९ एप्रिल
ढवळ्या चढावर मध्येच बसला. चार्जिंग संपलं होतं. मी त्याला बैलासारखं चुचकारत होतो. बरं झालं, कोणी पाहिलं नाही.
मालूने पाहिलं.

३ मे
विनोद म्हणतो, चाचणी झाली, उद्या दुसऱ्या गावाला नेणार. परीक्षा तर अजून व्हायचीय! मी म्हटलं, तेवढे दिवस ठेव. "बाबा, तिथल्या बायाही वाट बघतायत." म्हणजे आता प्रगतीच्या पुन्हा खेपा सुरू. पुन्हा पेंगणं. डोळ्यांपुढे भट्टीच येते.

४ मे
टेम्पोत चढवण्याआधी विनोदने गंमत म्हणून मालूला पुढे उभं केलं. बटण दाबलं. ती चालली — आणि ढवळ्या तिच्या मागे!
"म्हणजे हे कोणाच्याही मागे जातं?"
"हो बाबा. मी दुसऱ्याच दिवशी प्रगतीची चाल घालून देत होतो. तीच म्हणाली, नको, आजालाच जाऊ दे."
टेम्पो गेला. घरी आलो, तर प्रगती पुस्तकातून मान वर करेना.
हिरीला विचारलं, कळशी कुठे ठेवतेस?