पट्टीवरचा अंगठा

कोलशेत, ठाणे

प्रिय सम्यक,

‘प्रिय’ लिहून पेन खाली ठेवलं, चहा करून आणला आणि मग पुढे लिहायला बसलो. खोडणार होतो. पण खोडलेलं ‘प्रिय’ आणखी वाईट दिसलं असतं, म्हणून राहू दिलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोन का केला नाही, हे तू विचारणारच. फोनवर तू आधी हसतोस, मग मलाही हसू येतं, आणि ज्यासाठी फोन केला ते तसंच राहून जातं. मला या वेळी हसायचं नाहीये. ग्रुपमधूनही मी बाहेर पडलोय ते फोन बिघडला म्हणून नाही. सलिलला तसं सांगितलंय, ते खोटं आहे. आपल्या मंडळींत खोटं चालतं हे कळल्यापासून मीही जरा सराव करतोय.

गेल्या रविवारी टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीच्या डोहावर आपली मासेमारीची स्पर्धा होती आणि तू बदलापूरला बहिणीकडे गेलेलास. बरं झालं नव्हतास. पाणी छान उतरलं होतं, जलपर्णी एका कडेला गोळा झालेली, आणि तिच्या काठाने मरळी मध्येच वर येऊन श्वास घेत होत्या. मासे फारसे कोणाला लागले नाहीत, पण आपल्याकडे त्याचं दुःख कोण करतं! हेमाने घरून थालीपीठं आणलेली, सलिलने टिटवाळा स्टेशनवरून वडापाव. सगळे सतरंजीवर बसलो आणि सुमितने एक सूचना मांडली. हा सुमित नवा आहे, तू त्याला एकदाच भेटलायस. तो म्हणाला, मासा पट्टीवर ठेवला की फोटो काढायचा, म्हणजे मापाचा वाद नको. मी त्याला समजावत होतो की आपल्या ‘डोह मंडळी’त वाद होतच नाही. सर्वांत लांब माशाला कप, पण आपला मासा आपण मोजायचा नाही, जोडीदाराने मोजायचा आणि मोठ्याने सांगायचं. बोललेलं माप फिरत नाही, पुन्हा कोणी पट्टीत डोकावत नाही. मी हे अगदी छाती काढून सांगत होतो. तेवढ्यात सलिल माझ्याकडे बोट करत भरल्या तोंडाने बोलून गेला, “फोटो काढले असते, तर आपल्या नयनला कप कुठनं मिळाला असता?”

कोणी हसलं नाही, आणि मला तिथेच कळलं. हेमा भरलेल्याच पेल्यात चहा ओतायला लागली. सलिलला वाटलेलं की एव्हाना तू मला कधीतरी सांगितलं असशील. त्याला मी गाड्यांपाशी घेऊन गेलो आणि सगळं काढून घेतलं. बिचारा रडायच्या बेतात होता, त्याच्यावर रागावू नकोस.

तर तो चार वर्षांपूर्वीचा दिवस. तुला आठवत असेलच, पण आता मी तो माझ्या बाजूने सांगतो, कारण तुझ्या बाजूचा दिवस वेगळा होता हे मला आत्ता समजलंय. बाबांचं दुसरं ऑपरेशन होऊन गेलेलं. त्यांना आपल्या मासेमारीची किती चीड होती ते तू पाहिलंयस. तरुणपणी मिठागरावर राबलेला, खाडीत जाळं टाकून घर पोसलेला माणूस. आपण मासा पकडून, मोजून, मुका घेऊन परत पाण्यात सोडतो, हे त्यांना वेडेपणाचंच वाटायचं. “धरायचा नि सोडायचा, मंग जायाचाच कनाला?” हे वाक्य त्यांनी माझ्या लग्नातही तुला ऐकवलं होतं. तेच बाबा त्या सकाळी आपणहून म्हणाले, मी पण येतो. तू विठ्ठलवाडीहून आमच्याकडे आलास, आपण त्यांना गाडीत बसवलं, मागे प्लास्टिकची खुर्ची कोंबली. डोहाच्या काठी आंब्याखाली ते टोपी घालून बसले होते आणि माझी प्रत्येक फेक बघत होते. मला त्यांच्यासमोर जिंकायचंच होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुला दिसलं असेल.

तुझी मरळ आधी लागली. ती मी मोजली. चौसष्ट सेंटिमीटर. तू म्हणालास, नीट बघ रे, त्रेसष्ट असेल. मी पुन्हा शेपूट सरळ केलं आणि सांगितलं, चौसष्टच. तू तिसऱ्यांदा म्हणालास तेव्हा मी तुझ्यावर खेकसलो की जोडीदाराचा शब्द म्हणजे शब्द. किती शहाणा मी! मला वाटलं तू विनय दाखवतोयस. तू तुझा मासा कमी करून घ्यायला बघत होतास आणि मी ऐकलं नाही, म्हणून मग तुला दुसरी वाट काढावी लागली.

दुपारी आमिष म्हणून गळाला लावलेल्या माझ्या रबरी बेडकावर एक मरळ आली. जलपर्णीतून नुसता खड्डा पडल्यासारखं पाणी फुटलं आणि काठी वाकली. तो क्षण खरा होता ना? तेवढा तरी माझा आहे. तू ती पट्टीवर ठेवलीस. तोंड पट्टीच्या शून्याकडच्या आडव्या फळीला टेकायला हवं, आणि तू मध्ये आपला अंगठा ठेवलास, म्हणजे तेवढी लांबी फुकटची. वरून दुसरा हात असा धरलास की मला दिसू नये. सलिल तुझ्या मागे उभा होता, त्याला दिसलं. तू मोठ्याने म्हणालास, पासष्ट. मी बाबांना गाडीत बसवायला गेलो तेवढ्यात तू सगळ्यांना सांगून टाकलंस की याला कोणी काही बोलायचं नाही. आणि कोणी बोललं नाही. चार वर्षं एवढी माणसं गप्प राहिली, याचं खरं तर कौतुकच करायला हवं.

मला कपाचं वाईट वाटत नाही, असं लिहिणार होतो. वाटतं. फार वाटतं. पण त्याहून लाज कशाची वाटते सांगू? त्या दिवसानंतर जो कोणी नवा माणूस आला, त्याला मी ती गोष्ट सांगितलीय. बेडूक कसा टाकला, किती थांबलो, झटका कधी दिला. तो बेडूक मी काचेच्या बरणीत ठेवलाय, घरी येणाऱ्याला दाखवतो. आणि दर वेळी तू शेजारी बसून मान डोलवायचास. एकदा तर तूच म्हणालास, नयन, ती बेडकाची गोष्ट सांग ना यांना. तेव्हा तुझ्या मनात काय चालायचं रे? इतर सगळे माझ्या तोंडाकडे बघत काय विचार करायचे? आपली ओळख झाली ती तुझा गळ उल्हास नदीच्या काठी माझ्या टोपीत अडकला म्हणून. त्या दिवसापासून मी तुझ्यासमोर कधी काही सावरून बोललो नाही. आणि तू मला चार वर्षं सांभाळून घेत होतास, आजारी माणसाला घेतात तसं. शत्रूने फसवलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो. तू माझ्यावर दया केलीस, त्याचं काय करू?

त्या संध्याकाळी बाबांनी कप मांडीवर घेतला होता. माजिवड्याला ट्रॅफिक तुंबलं, तर काच खाली करून शेजारच्या रिक्षावाल्याला दाखवला, “माझ्या पोराचा.” खाली बिल्डिंगच्या बाकावर चार दिवस तो कप त्यांच्याजवळच होता. पावसाळा संपायच्या आत ते गेले. मी मनाला समजावत आलो की निदान जाताना त्यांनी मला एकदा जिंकलेलं पाहिलं. त्यांच्या फोटोपुढे तो कप मीच ठेवला.

गेल्या रविवारी डोहावरून घरी आलो आणि बूटही न काढता तो उचलला. म्हटलं, या घरात आता हा नको. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला तांदळाचं पीठ तसंच. मी तिला काय झालं ते सांगितलं, तुझं नाव घेऊन, शिव्यांसकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “कप ठेव तिथंच. त्या पोराला बोलू नको. तुझे बापानीच त्याला सांगलेला.”

स्पर्धेच्या त्या सकाळी, मी खाली गाडी काढायला गेलो होतो तेव्हा. बाबांनी तुला गॅलरीत बोलावलं, हात धरला आणि काहीतरी बोलले. आई भाकऱ्या बांधत होती. तिला फक्त तुझं शेवटचं ‘हो काका’ ऐकू आलं. बाबा तिला एवढंच म्हणाले, की पोराचं काम केलं. म्हणजे माझ्या मासेमारीत बाबांना जिंकून दाखवायला मी निघालो होतो, आणि मला जिंकवायला ते निघाले होते. रिक्षावाल्याला कप दाखवणाऱ्या त्यांच्या तोंडावरचा आनंद मी चार वर्षं जपून ठेवलाय. आता तो आठवला की विचार येतो, त्यातला खरा किती आणि माझ्यासाठी किती. तुम्ही दोघांनी मिळून माझ्याकडून तेवढंही काढून घेतलंत.

हे पत्र भांडायला लिहिलं नाही. भांडण बाकी आहे, ते समोर करू, तुला सोडणार नाही. कप घेऊन जा म्हणायलाही लिहिलं नाही. तो तुझाच आहे, पण आई देत नाही. मला तुझ्याकडून एकच हवंय. बाबा माझ्याशी कधी धड चार वाक्यं बोलले नाहीत. माझ्याबद्दल जे मनातलं बोलले, ते तुझ्याशी, गॅलरीत, आणि ते तू चार वर्षं स्वतःजवळ ठेवलंस. ते माझं आहे, मला परत कर. ‘याला एकदा मिळू दे’ म्हणाले, की ‘याला जमायचं नाही’ म्हणाले? आपल्या बापाला आपल्याबद्दल काय वाटत होतं, हे मला कळायलाच हवं. जे शब्द असतील ते, त्यांच्याच बोलीत, जसेच्या तसे सांग. मला वाईट वाटेल म्हणून गोड करू नकोस. या वेळी, सम्यक, मध्ये अंगठा ठेवू नकोस.

रागावलेला, तरीही तुझाच,
नयन