पाटी मी काढली होती

मी, विद्युत अभियांत्रिकीचा निवृत्त प्राध्यापक, वय अडुसष्ट, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारचे डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने. मी विचारले, "नक्की किती?" तर म्हणाले, "सर, हे काही तुमचं मीटर नाही." चौतीस वर्षे मोजमाप शिकवलेल्या माणसाला हे उत्तर पुरत नाही, पण दुसरे मिळालेले नाही.

१. राहते घर पत्नीच्या हयातीत पत्नीचे, त्यानंतर मुलीचे. मुलगी परगावाहून फोनवर म्हणते, "बाबा, आईला मी माझ्याकडे घेऊन जाते." कशी नेणार? हिला पलंगावरून स्वयंपाकघरापर्यंत जायला दोनदा टेकावे लागते.

२. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. मी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाच्या उरलेल्या प्रती मात्र कुणाच्या गळ्यात मारू नयेत. पान दोनशे बारावर अधिकच्या जागी उणे छापले आहे, तेही चारही आवृत्त्यांत. दरवर्षी एखादी चुणचुणीत मुलगी ते दाखवायची, मी "शाब्बास" म्हणायचो आणि प्रकाशकाला कळवायचा कंटाळा करायचो.

३. हत्यारांची पेटी आणि दोन्ही मीटर विभागाच्या प्रयोगशाळेला. माजी विभागप्रमुखांनी माझा प्रबंध सहा वर्षे टेबलाच्या खणात ठेवला होता, त्यांना शोकसभेत बोलू देऊ नये. बोललेच, तर ऐन वेळी माइक बंद पाडायला मी तिथे नसेन, याचे मनापासून वाईट वाटते.

४. आता खरे कलम. हिची फुफ्फुसे गेली आहेत, प्राणवायूचे यंत्र दिवसभर चालू ठेवावे लागते. वीज गेली तर जिन्याखालच्या बॅटऱ्यांवर ते दीड तास चालते. "बाजारातली नवी सिस्टिम बसवा की," मुलगी म्हणते. बसवू. पण ती बंद पडल्यावर हातातला घास टाकून धावत येणारा माणूस बाजारात मिळत नाही. तसा एकच आहे. माझ्या प्रयोगशाळेतला सहायक, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. दर रविवारी येऊन बॅटऱ्या तपासतो, यंत्राची जाळी धुतो, हिला म्हणतो, "बाई, आज आवाज खणखणीत आहे, कुणाला रागावलात?" ही हसते. माझ्यासमोर ती हसत नाही, मी समोर असलो की ती माझ्या चेहऱ्यावर स्वतःचा आजार वाचत बसते. घर देता येते, पेटी देता येते. माणूस कुणाच्या नावे करून देता येत नाही.

५. आणि त्याच माणसाचे मी वाटोळे केले आहे. उच्चदाबाच्या प्रयोगशाळेत एक नियम असतो: संरक्षक जाळीच्या आत जाणाऱ्याने मेन स्विचवर 'काम चालू आहे' ही पाटी लावायची आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, प्राचार्यांनीसुद्धा. पहिल्याच तासाला मी हे मुलांकडून तीनदा वदवून घ्यायचो. अकरा वर्षांपूर्वी तपासणी समिती आली. मला प्रात्यक्षिक दाखवायची घाई झाली होती, त्याच महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. सहायक जेवायला गेला असे मी धरून चाललो. पाटी काढली, कोटाच्या खिशात घातली आणि स्विच दाबला. तो आतच होता. उजव्या हाताची तीन बोटे गेली. चौकशीत मी लिहून दिले की पाटी लावलेली नव्हती. मी प्राध्यापक झालो. त्याला भांडारात बसवले, तिथूनच तो निवृत्त झाला.

त्याने माझ्यावर शंका घेतली असती तर सोपे होते. पण मी खोटे बोलेन हे त्याच्या डोक्यातच आले नाही. अजून चहा पिता पिता म्हणतो, "सर, मी रोज लावायचो हो. त्याच दिवशी कसा विसरलो?" मी कपात बघत राहतो. सांगावे तर तो यायचा बंद होईल आणि ही उघड्यावर पडेल. न सांगता मेलो तर तो मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहील. अकरा वर्षे मी हे गणित मांडतो आहे, दोन्हीकडून उत्तर तेच येते.

६. वरील मजकूर आज सकाळी मी त्याला समोर बसवून वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून सही करायला बोलावले होते, चांगला शर्ट घालून आला होता. पाचवे कलम संपल्यावर त्याने विचारले, "म्हणजे पाटी होती?"

"होती."

"मी लावली होती?"

"हो रे. तूच लावली होतीस."

मग म्हणाला, "सर, आमच्या घरात पोरं मला विसरभोळा म्हणतात. औषधं मोजून देतात मला. किल्ली देत नाहीत." मी हात जोडले. त्याने ते पाहिलेही नाहीत. सही न करता उठला. आतून हिने हाक मारली, "अहो, चाललात? बॅटऱ्या बघितल्या का?" तो दारात थांबला, "नाही बाई," म्हणाला आणि गेला. हिने मला विचारले, "काय बोललात त्यांना?" मी अजून सांगितलेले नाही.

७. साक्षीदाराच्या पदरात मृत्युपत्रातून काही टाकता येत नाही, असे वकिलांनी बजावले होते, म्हणून त्याच्या नावे मी काहीच ठेवले नव्हते. आता तो साक्षीदार नाही. आता देता येईल. दुपारपासून घरभर नजर फिरवतो आहे. सहायकास:

(ही ओळ कोरी सोडली आहे.)

लिहून देणार: सही
साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर, सही
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई, सही
स्थळ: राहते घर, जिन्याशेजारची खोली
दिनांक: महिन्याचा तिसरा रविवार, संध्याकाळ. बॅटऱ्या तपासलेल्या नाहीत.